पनवेलला कापलेला धवला

ही गोष्ट मी आजवर आपणहून कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलींना नाही. साताऱ्यात आमचा जुन्या सिनेसंगीताच्या शौकिनांचा एक गट आहे. दर रविवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो आणि मी पनवेलच्या थिएटरातले किस्से रंगवून सांगतो. मी तिथे सहा वर्षं ऑपरेटर होतो. रीळ उलटं लागल्यावर झालेला गोंधळ, मध्येच वीज गेली की उठणाऱ्या शिट्ट्या, सगळं सांगून झालं आहे. हा एक किस्सा मात्र दरवेळी वगळत आलो. आता मला चौऱ्याऐंशी वर्षं पुरी झाली. गेल्या फेब्रुवारीत चार दिवस पनवेलला जाऊन आलो. त्या प्रवासाबद्दल लिहायचं तर तो कशासाठी केला, हे आधी सांगायला हवं.

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. पनवेलजवळ बेलपाडा नावाचं आगरी लोकांचं गाव आहे. तिथे धर्मीबाई नावाची तरुण बाई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून वरात येईपर्यंत प्रत्येक विधीला बायका धवले गातात. त्यांत पुढे गाणारी ती धवलारीण. एका सिनेमा कंपनीला गावाकडचं लग्न दाखवायचं होतं. त्यांच्या संगीतकाराने धर्मीबाईचा आवाज ऐकला आणि तिला ध्वनिमुद्रणाला मुंबईला बोलावलं. ती तीन दिवस मुंबईला राहून आली. लेकुरवाळी बाई एकटी तीन दिवस मुंबईला गेली, हे गावाला रुचलं नाही. ती म्हणायची, सिनेमा येऊ द्या, मग ऐका. मुंबईचा सिनेमा आमच्याकडे यायला दोन वर्षं लागत. ती दोन वर्षं तिने कशी काढली असतील, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. तेव्हा केला नाही.

सिनेमा आला. रविवारी तीनच्या खेळाला बेलपाड्याहून गाड्या जुंपून माणसं आली. सकाळीच धर्मीबाई केबिनच्या जिन्याखाली येऊन मला विचारून गेली होती, "लग्नाचं गानं हाय ना? त्याच्या आदी मी हाय." मी म्हणालो, "आहे. मध्यंतरानंतर लगेच."

ते खरंच होतं. लग्नाचं एक गाजलेलं गाणं होतं, मोठ्या गायिकेचं. त्याच्या आधी सहा-सात मिनिटं हळद आणि मांडवाचे विधी, आणि त्यावर फक्त धर्मीबाईचा धवला. वाद्य एकही नाही. तबकडीवर हा भाग घेतला नव्हता, गाण्यांच्या चोपडीत छापला नव्हता. तो फक्त फिल्मवर होता.

त्या काळी लांबलचक सिनेमा वेळेत बसवायला ऑपरेटर मधला एखादा तुकडा काढून ठेवत. वीज गेली आणि खेळ लांबला तर थिएटरचे मालकच सांगायचे, "एक गाणं खा." तुकडा खिळ्याला टांगायचा आणि फिल्मच्या पेट्या कंपनीला परत पाठवताना पुन्हा जोडायचा, अशी रीत होती. त्या दिवशी वीज गेली नव्हती, मालकांनीही काही सांगितलं नव्हतं. मला पेणला मुलगी पाहायला जायचं होतं आणि सहाची एस.टी. गाठायची होती. मी रिळं नजरेखालून घातली. गाजलेली गाणी कापली असती तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. धवल्यासाठी कुणी ओरडणार नव्हतं, एक बाई सोडून. हे मला कळत होतं आणि मी कात्री लावली.

खेळ सुटल्यावर बेलपाड्याची माणसं आवारातच थांबली. धर्मीबाई पुढे आली. "माझं गानं कुटं गेलं?" मालक दारात उभे होते. मी म्हणालो, "कंपनीकडून आलं तसं दाखवलं. गाण्याच्या आधी काही नाहीच." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. तिने मला शिव्या दिल्या. मी एस.टी. पकडली. बेलपाड्याचं कुणी पुन्हा त्या सिनेमाला आलं नाही, आणि तुकडा मी पेट्या परत जातानाच जोडला.

पेणची ती मुलगी पुढे माझी बायको झाली. ती जाईपर्यंत चव्वेचाळीस वर्षं आमचा संसार नीट झाला.

पनवेल

साताऱ्याहून पनवेलचा रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. एस.टी. स्टँडवर उतरलो आणि उभा राहिलो तिथेच दिशा चुकलो. आमच्या वेळी स्टँडवरून थिएटरचा पत्रा दिसायचा. आता पुलाखेरीज काहीच दिसत नाही. लॉजमध्ये सामान टाकलं आणि चालत निघालो. तलाव जागच्या जागी होता, त्याच्या खुणेने बाजारपेठ सापडली. थिएटरच्या जागी तीन मजली कपड्यांचं दुकान आहे. आत शिरून केबिन कुठे असेल याचा अंदाज घेत वर पाहत राहिलो, तर एक मुलगी धावत आली. "सर, मेन्सवेअर सेकंड फ्लोअरला. लिफ्ट आहे." मी एक हातरुमाल घेऊन बाहेर पडलो.

समोरच्या गल्लीत लग्नपत्रिका छापायचं दुकान दिसलं. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तोच आधी बोलला.

"ऑपरेटरसाहेब ना तुम्ही?"

हा कासमभाई. थिएटरच्या दारात गाण्यांच्या चोपड्या विकायचा. चोपड्या बंद झाल्यावर त्याने छपाईचं काम धरलं. "आधी लोक गाणी न्यायचे, आता पत्रिका नेतात," तो म्हणाला. "कागद तोच." त्याने चहा मागवला आणि सोबत नानकटाई. आमच्या साताऱ्यात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, इथे आधी खाणं येतं आणि पाणी मागावं लागतं.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी विचारलं, "बेलपाड्याची धर्मीबाई... आहे का?"

कासमभाई म्हणाला, "हयात आहे. सासूनं तेव्हा वर्षभर माहेरी धाडलं होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल."

"ऐकलं होतं."

"परत आली, पण धवल्याला कुणी बोलवेना. धवलारीण म्हणजे इज्जतीची बाई लागते ना. हिच्यावर तर तोहमत, आळ आलेला." मग त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं, "फिल्म तुम्हीच कापलेली?"

साठ वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी मान हलवून हो म्हटलं.

"मला तेव्हाच अंदाज होता. मी रोज बाहेर उभा असायचो, कुठल्या गाण्यानंतर कुठलं, सगळं पाठ. त्या दिवशी मध्यंतरानंतर गाणं फार लवकर लागलं."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं दुकान तुमच्या दारात होतं, साहेब." तो उठला आणि ड्रॉवरमधून एक पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. "तिच्या नातीचं लगीन आहे. तीन दिवसांनी हळद. पत्ता यावर आहे. जाऊन बोलून टाका. दोघांचाही वख्त थोडा राहिलाय."

मी त्याला मोबाइल दाखवला. आठवड्यापूर्वी आमच्या गटातल्या एकाला त्या सिनेमाची सबंध प्रत मिळाली होती. त्याने तो भाग मला पाठवला, "हा आवाज कुणाचा असेल हो?" असं विचारून. ते ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही आणि तिसऱ्या दिवशी पनवेलचं तिकीट काढलं. सिनेमाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. दिलं की लोक नट-नट्यांबद्दल बोलू लागतील.

कर्नाळा

दुसरा दिवस मी फुकट घालवला. बेलपाड्याला जायचं म्हणून निघालो आणि पेणच्या गाडीत बसलो. कर्नाळ्याला उतरलो. अंगठ्यासारखा तो सुळका तसाच आहे. पक्षी अभयारण्यात दुर्बिणी लावून बसलेली मंडळी होती. एकाने मला हळू आवाजात विचारलं, "काका, काही दिसलं का?" मी नाही म्हणालो. एका दगडावर बसून धर्मीबाईशी काय बोलायचं ते मनात तीनदा जुळवून पाहिलं. तिन्ही वेळा सुरुवात माझ्या लग्नापासून होत होती, म्हणजे स्वतःची बाजू मांडण्यापासून. संध्याकाळी लॉजवर परतलो तेव्हा एकच वाक्य नक्की झालं होतं: बाई, ती फिल्म मी कापली.

बेलपाडा

तिसऱ्या दिवशी रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "सेक्टर सांगा."

"बेलपाडा. गाव आहे."

"गाव वगैरे नाही काका इथे, खारघर आहे. सेक्टर सांगा."

पत्रिका दाखवली, तरी त्याने मला आधी एका उंच इमारतीच्या फाटकाशी नेलं. तिथल्या पहारेकऱ्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचं विचारलं, आणि मग ते खोडलं. अखेर एका बाईने वाट दाखवली. मोठ्या रस्त्याला लागून एक गल्ली आत वळते आणि गाव सुरू होतं. गल्ली जेमतेम एक गाडी जाईल एवढी रुंद. दोन्ही बाजूंना संगमरवर लावलेले बंगले, दारात माशांची जाळी नाही की नांगर नाही, चकचकीत गाड्या. पण ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुनाकडं?" असं विचारणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत.

धर्मीबाईच्या घरापुढे मांडव घातला होता. माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक रचून ठेवले होते आणि एकजण वायरी जोडत होता. आमच्याकडे हळद म्हणजे घरातल्या पाच सुवासिनींचं काम. इथे हळद लग्नापेक्षा मोठी, सगळं गाव नाचतं. ओटीवर बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसली होती. नाकात मोठी नथ, अंगानं अगदी वाळलेली. नजर माझ्याकडे होती, पण मला पाहत नव्हती.

"कोन तुमी?"

"साताऱ्याहून आलो. जुन्या सिनेमातली गाणी जमवतो."

"मंग चुकलात. हितं जुनं काय नाय रायलं, मी सोडून."

बायका हसल्या. तिची सून म्हणाली, "आयेला दिसत नाय आता, पन कान लय तिखट हायेत. बसा, जेवाला वाढते."

मी जेवणाआधी बोलायचं ठरवलं होतं. पण आगरी घरात जेवणाला नाही म्हणता येत नाही, हे विसरलो होतो. ताटात भाकरी, जवळ्याची चटणी आणि बोंबलाचं कालवण आलं. मी घाटावरचा माणूस, सहा वर्षं इथे राहूनही मासे खायला नीट शिकलो नव्हतो. सुनेने वर तळलेला मासाही वाढला आणि दुसऱ्याच घासाला काटा अडकला. डोळ्यांतून पाणी आलं. सुनेने कोरड्या भाताचा मुटका करून दिला. "चावू नका, गिला." काटा गेला. धर्मीबाई म्हणाली, "साताऱ्याच्या मानसाला बांगडा का वाढलास गं? मेला आसता तर हलद र्‍हायली आसती."

तेवढ्यात तिचा मुलगा जनार्दन आला. सहासष्ट वर्षांचा, गळ्यात जाड साखळी, गल्लीच्या तोंडाशी त्याचा खोदकामाचा पोकलेन उभा. मी त्याला सांगितलं, "तुमच्या आईने एका सिनेमात धवला गायला होता. तो माझ्याजवळ आहे."

भाकरी थापणारे हात थांबले. जनार्दन मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तो इषय घरात काढू नका. शालेत पोरं मना शिनेमावालीचा बोलायची. मी आयेला हात जोरून सांगितलंय, खोटं का आसंना, पन आता बोलू नको."

"खोटं नाही ते," मी म्हणालो.

मोबाइलचा आवाज मांडवात कुणालाच ऐकू जाईना. जनार्दनने वायरी जोडणाऱ्याला हाक मारली आणि माझा मोबाइल त्या स्पीकरांना लावला. पहिल्यांदा त्यातून माझ्या धाकट्या मुलीचा फोन वाजला, वायरी जोडणाऱ्याने तो घेतला, आणि मला काही सुचायच्या आत सगळ्या गल्लीने ऐकलं, "बाबा, पोट साफ झालं का? गोळी घेतली का?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग धवला सुरू झाला.

मी तो आवाज केबिनमधल्या बारक्या कर्ण्यातून ऐकला होता. त्या दिवशी तो भिंतींना आदळून परत येत होता. पंचविशीतल्या बाईचा, जाड, सरळ, कुठेही नटवेपणा नसलेला आवाज. मागे काही वाजत नाही, मध्ये फक्त बांगड्या ऐकू येतात. गल्लीतली माणसं दारात आली. एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने गाडी बंद केली. समोरच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत मांडवात आली. सिनेमाच्या त्या रविवारी तीही बैलगाडीतून आली होती, हे मागाहून कळलं.

धवला संपला. मोठ्या गायिकेचं गाणं लागलं तसं जनार्दनने हात वर करून ते बंद करायला लावलं.

"धर्मे, तूच का गं ती?" समोरची म्हातारी म्हणाली.

"मंग कोन, तुजा बाप?"

कुणी हसलं नाही. धर्मीबाईने स्पीकरांच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "दुसऱ्या ओलीत मी दम घेतला, तवा तो पेटीवाला वरडला होता. तसंच ठेवलंनी त्यांनी." आणि थोड्या वेळाने, "एवडंच होतं व्हय? मना वाटायचं, लय मोटं होतं."

जनार्दन तिच्या पायांशी खाली बसला. सहासष्ट वर्षांचा माणूस. "आये, चुकलो मी. मी पन तुला खोटी बोललो." त्याला ते बोलायला काहीच वेळ लागला नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ. सारी बगतान."

यानंतर माझी पाळी होती. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. वाक्य तयार होतं. पण तीच आधी बोलली.

"पन मंग पनवेलीत का नाय दाकवलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मांडवात तीस-चाळीस माणसं असतील. मी म्हणालो, "जुन्या फिल्म तुटायच्या बाई. वाटेत तुटली असेल."

इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन, मी पुन्हा खोटं बोललो. पहिल्यांदा मालकांच्या भीतीने बोललो होतो. या वेळी कुणाचीच भीती नव्हती. त्या घरातली माणसं माझ्याकडे चांगुलपणाने पाहत होती आणि ती नजर मला सोडवेना, एवढंच कारण.

"तसंच आसंल," ती म्हणाली. "तो मशीनवाला पोरगा बोलला पन होता, कंपनीशीच आलं नाय. त्याला काय ठावं? बारीक होता, घाबरला होता. मी त्याला आयबापावरून लय वंगाल बोलले, चारचौगांत. त्याचा काय दोस नव्हता." तिने चाचपत माझा हात धरला. "तुमी त्या शिनेमाच्या मानसांना वलकता. तो कुटं भेटला, जिता आसला, तर सांगा. धर्मी बोलली, चुकलं माझं."

मी "हो" म्हणालो. माझा हात तिच्या हातात होता.

बायका तिला गळ घालू लागल्या, उद्या हळदीला पहिला धवला तूच म्हण. ती म्हणत होती, आता दम कुटं हाय, आणि तोंडातल्या तोंडात पहिली ओळ जुळवतही होती. जनार्दनने मला शाल आणि नारळ दिला. मी ते घेतलं. हळदीला थांबायचा आग्रह झाला, मी तब्येतीचं कारण सांगितलं. कासमभाईच्या दुकानावरून न जाता दुसऱ्या रस्त्याने लॉजवर आलो आणि चौथ्या दिवशी सकाळी साताऱ्याची गाडी धरली.

घरी आल्यापासून जनार्दनला चारदा फोन लावला. प्रत्येक वेळी तो इतक्या आनंदाने बोलतो की आईला फोन द्या म्हणायचं राहून जातं. म्हणून त्या दिवशी खुर्ची ओढून बसलो होतो तेव्हा जे बोलायचं होतं, ते इथे लिहितो.

धर्मीबाई, फिल्म वाटेत तुटली नव्हती. कंपनीने ती पुरी पाठवली होती. सकाळी तुम्ही जिन्याखाली येऊन विचारून गेलात, आणि ते माहीत असूनही मी ती माझ्या हाताने कापली, एक गाडी चुकू नये म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचा धवला माझ्या मागे केबिनमध्ये खिळ्याला टांगलेला होता. तुम्ही मला जे बोललात त्यातला एकही शब्द परत घेऊ नका. चूक माझी आहे. मला माफ करा.